बब्या आणि टँकरचा हॉर्न

आमच्या कुत्र्याच्या पिल्लाला, बब्याला, बाहेर जायची सवय कुणी लावली म्हाईतंय का? टँकरवाल्यानं. लातुरात तेव्हा लई दुष्काळ होता. गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला की आम्ही घागरी घेऊन पळायचो, आणि बब्या आमच्या मागं येऊन खांबापाशी मोकळा व्हायचा. हॉर्न न्हाई वाजला, तर सू घरातच. आणि फरशी पुसायला पाणी कुठलं आणायचं?

एक दिवस टँकर आलाच न्हाई. बब्या घरात गोल गोल फिरायला लागला. आमच्या आप्पांनी घाईघाईनं दारातल्या स्कूटरचा हॉर्न दाबून धरला. बब्या सुटला खांबाकडं, आणि अख्खी गल्ली घागरी घेऊन बाहेर.

शेजारच्या कमलकाकूंनी विचारलं, "टँकर कुठं हाय ओ?"

आप्पांनी खांबाकडं बोट दाखवलं. "त्यो काय, रिकामा व्हायलाय."