नववा रकाना

नाही वं प्रेमिला, नववा रकाना मी नाही भरणार — बाकी सारा फारम भरून देतो, मागच्या पाच सालचे पेपर त्या फायलीत आहेत, घरी घेऊन जाय — मुलाखतीची तयारी म्हणशील तर या टेबलाशी मी साहेब होऊन बसतो, तू दारातून आत येऊन नमस्कार कर — वीस वर्षं या वाचनालयात हेच तर करून राहिलो. आनंदरावच्या हातचा फारम वापस येत नाही म्हणतात लोकं. पण धर्म अन् जात तुझ्या हातानं लिही. काहून म्हणजे?

गोविंदा माहीत आहे ना, देवाजीचा — लकडगंजच्या आरामशीनवर डाव्या हातानं फळ्या ओढते तो. मॅट्रिकले पहिला वर्ग होता त्याले. नोकरी केंद्राची होती, तुह्यासारखीच — अन् केंद्राचा कायदा असा, का बौद्ध लिहिलं का सवलत गेली, हिंदू महार लिहिलं का भेटली. मी काय केलं? इंग्रजीत झोकदार अक्षरात 'हिंदू, महार' लिहिलं अन् म्हणलं, इथं सही कर. त्यानं वाचलं नाही. माझ्यावर भरोसा होता, काहून वाचते?

मग जातीचा दाखला मागणारं पत्र घरी आलं. छप्पन साली दीक्षा घेऊन ज्यानं घरातले देव नागनदीत सोडले, त्या देवाजीले पोस्टमननं चारचौघात वाचून दाखवलं, तुमचा पोरगा हिंदू लिहिला आहे म्हणून. आला तो इथं. गोविंदा अन् आणखी आठ पोट्टे वाचत बसले होते. माझी कॉलर धरून तोंड टेबलावर आपटलं — हे दोन दात तवाचे — कपाट पाडलं. मग दाराची लोखंडी आगळ — गोविंदा मधात आला, उजवा हात आडवा केला त्यानं — मनगटातून लोंबला वं तो हात. सुकी काडी मोडल्यावानी आवाज. परीक्षा बारा दिवसांवर होती. देवाजी सात महिने जेलात राहिला.

काय म्हणली? आगळ कुठं राहे? आतल्या कोपऱ्यात राहे, माझ्या खुर्चीमागं. देवाजी टेबलाच्या त्या अंगाले होता. त्याच्या हातात — त्याच्या हातात पत्र होतं. नुसतं पत्र. मी त्याच्या डोक्यावर नेम धरला होता. आठही पोट्ट्यांनी पाहिलं, पोलिसासमोर एक नाही बोलला — सगळ्यांचे फारम माझ्याकडं होते ना. अन् गोविंदाचं बयान दवाखान्यात मीच वाचून दाखवलं. तापात होता तो. कागदावर होतं का बापानं मारलं; ते नाही वाचलं मी, दुसरंच वाचलं. पहिल्या वर्गाचा मॅट्रिक, डाव्या अंगठ्याचा ठसा दिला त्यानं.

फारम आण इकडे. नाही, नको — तुह्याजवळच ठेव. पुरा वाच, मगच सही कर. जाय आता. दार नुसतं लोटून घे, आगळ नाही त्याले.