न चाखलेलं ताट

विठ्ठल… विठ्ठल… विठ्ठल! बास, टाळ जरा खाली ठेवा आता. मंडळी, ऐका! आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारतो. पुरणावरणाचा स्वयंपाक असतो घरी. नैवेद्य देवाला जायचा असतो. चाखता का हो तो?

— नाही!

शाबास! माउल्यांनी सांगितलं, पुरुषांना पत्ताच नाही, कारण ते स्वयंपाकघरात जातच नाहीत! मीठ कमी पडो नाहीतर जास्त, नैवेद्य चाखायचा नाही. बरं. आता दुसरा प्रश्न. मांडीवरच्या लेकराला भात भरवताना आई काय करते? आधी स्वतःच्या जिभेला लावते! गरम आहे का, तिखट आहे का, खडा आहे का. देवाचं चाखत नाही आणि लेकराचं चाखते. का? मोठं कोण मग, देव का लेकरू?

सांगा की! मृदंगाचार्य, तुम्ही सांगा. तुमची बोटं चालतात, तोंड कधी चालणार?

अहो, देव पचवतो! खारट पचवतो, अळणी पचवतो, तुमच्या-माझ्यासारखे भक्त पचवतो! लेकराला पचत नाही. म्हणून लेकराच्या तोंडात काही जायच्या आधी कुणीतरी मोठ्यानं ते चाखायचं असतं. हे ध्यानात ठेवा. आजची कथा एवढ्यावरच आहे.

आंबेझरी नावाचं गाव. गावात शाळा. शाळेला हेडमास्तर, दिगंबर ढवळे सर. माणूस कसा? कडक! दुपारी शाळेत खिचडी शिजते, तुम्हाला माहीत आहे. पोरांना वाढायच्या आधी मास्तरांनी चाखायची, अशी पद्धत. बाकीच्या शाळांत काय करतात, देव जाणे! ढवळे सर मात्र स्वतः यायचे, स्वतः बसायचे, वाटीभर खिचडी खायचे आणि मग हात वर करायचे — "वाढा!" तोवर एकाही पोरानं ताटलीला हात लावायचा नाही.

खिचडी शिजवायला होत्या सुवर्णाताई भालसिंग. नवरा नाही, पदरात एकच मुलगी, तेजल. आठवीत. काळीसावळी, अंगानं काटकुळी, पण पायात काय वारं होतं त्या पोरीच्या! खो-खोत तिला धरून दाखवा. गावातली पोरं म्हणायची, तेजल उठली की समोरचा गडी बाद धरा.

एकदा सुवर्णाताईंच्या डाळीला जरासा वास आला. जरासा हं! सरांनी अख्खं पातेलं उतरवलं, डाळवाल्याचा टेम्पो वेशीतनं मागं पाठवला, आणि त्या दिवशी पोरांना स्वतःच्या खिशातनं केळी आणून दिली. असा माणूस! मी खोटं कशाला सांगू, असा हेडमास्तर मिळायला भाग्य लागतं.

आणि मंडळी, ह्याच माणसाच्या शाळेत एक दिवस गाडी आली. गाडीतनं कोण उतरलं? टाय! टायच्या मागनं माणूस उतरला!

"नमस्कार सर! आमचं ॲप घ्या. मुलांची ओळखपत्रं आम्ही देऊ. हजेरी फोनवर. गॅदरिंगचे फोटो पालकांना घरबसल्या. उंची-वजनाची नोंदसुद्धा आम्हीच ठेवू."

सर म्हणाले, "पैसे?"

"छे छे! शिक्षणाच्या कामाचे पैसे घेतात का सर?"

झालं! ऑफिसातले मास्तर खूश. कुणी म्हणालं, शेजारच्या गावानंपण घेतलंय. कुणी म्हणालं, आपण काय मागं राहायचं? सरांसमोर टॅब धरला. त्यावर बारीक बारीक अक्षरात हे एवढं लिहिलेलं! आणि खाली एक हिरवं बटण — "मान्य आहे."

डाळीचा दाणा दाताखाली फोडून बघणारा माणूस! त्यानं ते वाचलं? विचारलं, की बाबा, हे फोटो तू ठेवणार कुठं? बघणार कोण? दुसऱ्या कुणाला देणार का? आमचं काम संपल्यावर पुसणार का? काही नाही! बटण दाबलं आणि म्हणाले, "चहा घ्या."

दुपारपर्यंत सगळ्या शाळेचे फोटो झाले. भिंतीला पाठ, समोर बघ, हलू नको. नाव, इयत्ता, उंची, वजन. तेजलनं विचारलंसुद्धा, "सर, हसू का?" सर म्हणाले, "हसू नको, ओळखपत्राचा आहे." पोरगी गंभीर उभी राहिली. उन्हात डोळे बारीक झालेले, केस विस्कटलेले, आत्ताच मैदानावरनं आलेली. काढला फोटो!

दिवस गेले. तालुक्याला खो-खोची स्पर्धा लागली. आंबेझरीच्या पोरी एसटीतनं उतरल्या. नवे बूट, नवे टी-शर्ट, तेजल कप्तान! गाणी म्हणत निघाल्या मैदानाकडं. मैदानाच्या कोपऱ्यावर औषधाचं दुकान. दुकानावर हा मोठा फ्लेक्स. आणि पुढं चालणारी पोरगी एकदम थांबली. मागच्या तिच्यावर आदळल्या. "काय गं? चल की!"

तिनं नुसतं बोट वर केलं.

मंडळी, फ्लेक्सवर काय होतं? कसलीशी पावडर. वर लिहिलेलं — "तुमचं मूल अशक्त आहे? मंद आहे? अभ्यासात मागं आहे?" खाली दोन चौकटी. एकीत गोरंगोमटं, गुबगुबीत, हसणारं कुणाचंतरी पोर. त्याखाली शब्द — "नंतर". आणि दुसऱ्या चौकटीत…

तेजल!

तीच भिंत, तेच बारीक डोळे, तेच विस्कटलेले केस. खाली वजनसुद्धा छापलेलं! आणि शब्द — "आधी".

अरे! अरे, काय हे! मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझा विश्वास बसेना. लेकरू जिवंत आहे, धडधाकट आहे, तालुक्यात पळायला पहिलं आहे, आणि तालुक्याच्याच चौकात त्याला मंद म्हणून टांगलंय! कुणी विचारलं तिला? कुणी विचारलं तिच्या आईला? ती पावडर तिनं बापजन्मात पाहिली नव्हती!

सामना सुरू झाला. खो मिळाला, तेजल उठली. आणि दोरीपलीकडं उभी असलेली टोळकी ओरडली, "ए आधी! आधी उठली रे! ए आधी, पावडर खा!" सगळं मैदान हसलं. पोरगी पळता पळता मधेच उभी राहिली. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आणि तिथंच मातीत बसली.

हसू येतंय कुणाला? नाही ना? तिथं सगळ्यांना येत होतं.

दुसऱ्या दिवसापासनं तेजल शाळेत येईना. घरातसुद्धा तोंडाला ओढणी. भाकरी खायची ती भिंतीकडं तोंड करून.

सरांना कळलं. सर पेटले! फोन लावला त्या टायवाल्याला. "अरे, तुला लाज आहे का? पोरीचा फोटो विकलास?"

पलीकडनं आवाज कसा, तर लोण्यासारखा. "विकला नाही सर. सहयोगी कंपनीला दिला. तसं लिहिलं होतं. तुम्हीच मान्य केलंय."

"मग परत घे!"

"असा परत येत नसतो सर. आता तो कुठं कुठं गेलाय, आम्हालापण माहीत नाही."

आम्हालापण माहीत नाही! ऐकलंत? घेताना सगळं माहीत होतं, द्यायची वेळ आली तर माहीत नाही!

सरांनी घरातनं कोयता घेतला, तालुक्याला गेले, शिडी लावली आणि तो फ्लेक्स टराटरा फाडला. हेडमास्तर! शिडीवर! लोक बघायला जमले. सर घामाघूम होऊन खाली उतरतात, तोच शाळेतल्या एका मास्तरचा फोन. "सर, तीच जाहिरात आत्ता माझ्या मोबाइलवर आली." आता कोयता कुठं चालवायचा?

तसेच गेले सुवर्णाताईंच्या दारात. हात जोडले. "ताई, माझं चुकलं."

सुवर्णाताई शांत होत्या. म्हणाल्या, "सर, रोज माझ्या हातची खिचडी तुम्ही आधी खाता. माझं पातेलं उतरवलंत तेव्हा मी राग धरला नाही. म्हटलं, पोरांसाठी करतात. मी गावातली, ओळखीची, तरी माझ्यावर तुम्ही नुसता विश्वास ठेवला नाहीत, आधी चाखलंत. मग त्या परक्या माणसाला का नाही चाखलंत? माझ्या पोरीच्या तोंडापेक्षा डाळ जास्त जपायची होती का?"

सर उंबऱ्यावरच बसले. आतनं ओढणीतला आवाज आला. "सर, हसले असते तर त्यांनी माझा फोटो घेतला नसता का हो?"

मंडळी… त्या लेकराला वाटत होतं, चूक तिची आहे! ती हसली नाही, ही तिची चूक!

सर म्हातारे दिसायला लागले त्या दिवसापासनं. पालकांची सभा घेतली, सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली, ते ॲप बंद केलं, पोलिसांत तक्रार दिली. पुढं तेजल आली शाळेत, मैत्रिणी दारात ठाण मांडून बसल्या म्हणून आली. पळतेसुद्धा. पण शाळेत कुणी मोबाइल वर धरला की तिचा हात आपोआप तोंडावर जातो. तो हात अजून खाली आलेला नाही.

पुढल्या वर्षी दुसरा टायवाला आला. सरांनी त्याला पाणी दिलं, बसवलं, एकेक प्रश्न विचारला. ठेवणार कुठं, बघणार कोण, पुसणार कधी? मग म्हणाले, "पोरांचं नंतर बघू. आधी माझा फोटो घे. माझं नाव, माझं वजन, माझी शुगर, सगळं घाल तुझ्या त्या मशीनमध्ये. माझं कुठं काय छापून येतं ते वर्षभर बघतो. मग बोलू."

टायवाला म्हणाला, "सर, एवढा वेळ कोण थांबतं?"

सर म्हणाले, "आमच्याकडं खिचडीसुद्धा थांबते." त्यानं चहा न घेताच गाडी काढली.

आता माझ्याकडं बघा. नाही, मोबाइलमधनं नाही, डोळ्यांनी बघा! मघाशी कीर्तनाआधी ह्याच मंडपात चिमुकली पोरं देवाचा वेष घेऊन नाचली. गोड नाचली! किती हात वर होते, मी इथनं बघत होतो. ते फोटो आत्ता कुठं आहेत? कुठल्या ग्रुपवर? त्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे, नावं सांगा बरं! आणि तुमच्या शाळेनं कुठलं ॲप घेतलंय, ते कुणाचं आहे, विचारलंय का एकानं तरी? ज्यानं विचारलं असेल त्यानं हात वर करा.

…

एकही नाही.

बरं. आता पंगत बसेल. मांडीवर लेकरू घ्याल, आमटीभात कालवाल, पहिला घास स्वतःच्या जिभेला लावाल. लावाल तेव्हा त्या पोरीचा हात आठवा. आणि उद्या सकाळी शाळेत जा. हेडमास्तरांना हात जोडून विचारा — सर, चाखलंय का?

उचला टाळ. बोला, विठ्ठल… विठ्ठल!