ओढ्याकाठचा बांबू

तुम्हाला वाटतं, मी शेजारच्या देशपांड्यांवर उगाच जळतो. मग ऐका. परवा सोसायटीच्या सभेत त्यांनी संगणकावर पूर दाखवला. ओढ्याकाठच्या बांबूमुळे पाणी पार्किंगपर्यंत पोचत नाही, हे सिद्ध केलं. टाळ्या देशपांड्यांना. बांबू लावला माझ्या बायकोनं, आणि तिला जाऊन वर्ष झालं.

मी म्हणालो, "हिचं नाव कुठे दिसलं नाही."

"अहो, यात नावं नाही, झाडं भरतात. आता बांबू नसता तर काय झालं असतं, बघा."

त्यांनी बटण दाबलं. बांबू नाहीसा झाला आणि पाणी आमच्या दाराशी आलं.

माझा चेहरा बघून ते म्हणाले, "घाबरू नका," आणि दुसरं बटण दाबून बांबू परत आणला.

टाळ्यांचं मी केव्हाच विसरलो. त्या दुसऱ्या बटणाचा मात्र अजून हेवा वाटतो.