रहीमभाईचा डबा

हळू सांगतो, आत बायको चहा करून राह्यली.

साठ-एकसष्टची गोष्ट. मी अन् आपला सायकलवाला रहीमभाई यवतमाळहून मुंबईले गेलतो. दोघांनीही समुद्र पह्यल्यांदाच पाह्यला. शहराबाहेर समुद्रात घुसलेली एक टेकडी होती, तिच्यावर दिवसभर फिरायचं ठरलं. रहीमभाईनं चपला अन् माझ्या बायकोनं दिलेला दशम्यांचा डबा खालच्या कोरड्या खडकावर ठेवला, आपण नाल्याकाठी ठेवतो तसा. "भाभी मीठ कमी टाकते," ही त्याची नेहमीचीच तक्रार.

टेकडीले वळसा घालून परत आलो, तर खडक पाण्याखाली!

रहीमभाई म्हणे, "वर कुठंतरी जोराचा पाऊस झाला. पूर आला!"

"आता रे?"

"बसू. आपला नाला दोन तासात उतरते."

भुकेल्या पोटी सांजलोक बसलो, तवा पाणी उतरलं. चपला गेल्या होत्या. डबा मात्र खडकाच्या फटीत अडकलेला, अन् दशम्यांचा पार लगदा.

"फेकून दे," मी म्हटलं.

त्यानं एक घास खाल्ला. मंग दुसरा.

"कायले फेकू? भाभीले सांग, आज मीठ बराबर पडलं."

मी अजून सांगितलं नाही.