पाहुण्याचा चिरूट

—छे हो शिपाईबुवा, तंबाखू कसला आमच्याकडे! घ्या ना झडती, खुशाल घ्या. पण आधी बसा. चॉकलेट उकळलंय, सोबत चीजचा तुकडाही आहे. आमच्या सोकोरो गावात दारी आलेल्याला तसंच परत पाठवत नाहीत, मग तो सरकारचा का असेना. — कोण, नवरा? अन्सेल्मो मीठ आणायला गेलाय. कर बसल्यापासून त्याला फार वेळ लागतो—ओझं वाढलंय ना, मिठाचं नव्हे, कराचं.

आणि कर नको असं कुठं म्हणते मी? स्पेनच्या राजाचं तिकडं समुद्रापार इंग्रजांशी भांडण. मग इथं आमच्या चातीवरच्या सुतानं त्याचा खर्च भागवायला नको? वर ‘खुशीची देणगी’ आहेच. खुशी इतकी, की ती गोळा करायला बंदूकवाले येतात! शेजारच्या कासिल्दाबाईंचं तंबाखूचं वावर तुमच्याच लोकांनी उपटून जाळलं—तंबाखू फक्त सरकारनं विकायचा, इथं लावायला बंदी, म्हणे. बाई रडल्या नाहीत हो. नुसतं म्हणाल्या, ‘राजा चिरायू होवो, वाईट सरकार मरो.’ सगळे तेच म्हणतात. हल्ली त्यातलं पहिलं जरा हळू म्हणतात, एवढंच. — मी? मी कशाला काय म्हणू? मी नवी नवरी, मला काय कळतंय!

झालं पिऊन? हा घ्या चिरूट. चॉकलेटवर पाहुण्याला चिरूट दिला नाही तर आई माहेरी पाऊल ठेवू द्यायची नाही. थांबा, निखारा देते... ओढा. कसाय? गोड ना? सरकारी दुकानातल्यासारखा बुरसट नाही, हा आमच्या अन्सेल्मोनं स्वतः—

...

असं बघू नका. वर तर मुळीच बघू नका, छपरात कोळ्याची जाळी आहेत नुसती.

बरं, आहेत. पानं आहेत. न्या माझ्या नवऱ्याला, घाला किल्ल्यावर दगड फोडायला. पण साहेबाला सांगाल काय? माल चोरटा, हे ओळखलंत कसं—ओढून? आणि अर्धा संपेपर्यंत गप्प का होतात? फार गोड लागला म्हणून?

ओढा, ओढा. आता विझवून काय उपयोग? थोटूक मात्र चुलीत टाका, खिशातून नेऊ नका. आणि उद्या लोक चौकात लावलेलं ते कराचं फर्मान फाडायला जमतील, तेव्हा हा सरकारी कोट घालून फिरकू नका. अन्सेल्मो तिकडंच— मी काही बोलले नाही.

काय म्हणालात? आणखी एक? वडिलांसाठी? का, त्यांना मिळत नाही? ... त्यांचंही वावर जाळलं? कुणी हो?

...

तुम्ही?

...

धरा. दोन धरा. अहो, खिशात हात कशाला घालताय? विकला की त्यावरही कर लागतो. जा आता.