नर्सबाई बुडाल्या तो भाग

समारंभाच्या अध्यक्षस्थानी असलेले आमचे दिग्दर्शक साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत त्या आपल्या सर्वांच्या ताई, त्यांच्या शेजारी अवघडून बसलेले त्यांचे यजमान, स्टुडिओतील माझे सहकारी आणि रसिक श्रोतेहो,

मला इथे 'ज्येष्ठ अभिनेत्री' म्हणून बोलावलंय. पण बाहेर फाटकाशी रखवालदारानं मला पाहिलं आणि आत वर्दी दिली, "नर्सबाई आल्या!" मालिका संपून बारा वर्षं झाली. तेव्हापासून मी वकील झाले, सासू झाले, एकदा तर खुनीही झाले. पण लोकांच्या लेखी मी अजून त्या जहाजावरची नर्सच आहे. आणि हे ज्यांच्यामुळे झालं त्या आमच्या संकलक ताईंचा चेहरा आजवर एकाही प्रेक्षकानं पाहिलेला नाही. संकलकाचं नशीबच तसं. काम चोख झालं तर ते केलंय हेच कुणाला कळत नाही.

नव्या मंडळींसाठी थोडं सांगते. आमची मालिका एका प्रचंड प्रवासी जहाजाची होती. ते बुडणार हे पहिल्याच भागात सांगून टाकलेलं होतं. तरी लोक वर्षभर बघत राहिले. का? कारण जहाजावरच्या माणसांना ते ठाऊक नव्हतं. कुणी लग्न ठरवत होतं, कुणी भावाशी अबोला धरून बसलं होतं. सगळं जहाज एका जुन्या गोदामात उभं होतं, प्लायवूडचं. समुद्र खवळला की जहाज हलायचं नाही, आम्ही हलायचो! साहेब ओरडायचे, "डावीकडे!" की अख्खं भोजनगृह डावीकडे कलायचं. एक आजोबा कायम उजवीकडे जायचे, ते सोडा.

मी त्यात जहाजावरची नर्स. त्याआधी पंधरा वर्षं मी दारात उभी राहून "साहेब, तुमचा फोन" एवढंच म्हणत आले होते. त्यामुळे नर्सबाई म्हणजे मला घबाडच वाटलं. शेवटच्या भागात जहाज बुडू लागतं, सगळे वर धावतात आणि नर्सबाई एका आजारी म्हातारीला आणायला खाली जाते. दार बंद होतं, पाणी चढतं. तिथे तिचा शेवट.

आता जे सांगणार आहे ते सांगू का, असं मी अध्यक्षांना मघाशी विचारलं. ते म्हणाले, "सांग. मी ऐकायलाच आलोय." साहेब, तुमचे आभार.

आजाऱ्यांची खोली एका मोठ्या हौदात बांधली होती. पाणी कमरेपर्यंत यायचं, साहेब थांबा म्हणायचे, पाणी बंद व्हायचं आणि दार उघडायचं, असं ठरलं होतं. म्हातारीच्या जागी पांघरुणाखाली उशा होत्या, म्हणून मी आत एकटीच. मला पोहता येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं; पण कमरेएवढ्या पाण्यात पोहायचं कशाला? त्या दिवशी पाण्यानं दार फुगलं आणि चौकटीत गच्च बसलं. साहेबांनी थांबा म्हटलं, पण पाण्याचा नळही अडकला. पाणी छातीला लागलं, मग हनुवटीला. मी खाटेवर चढले, तर खाटच तरंगायला लागली. मी काय ओरडले ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की भिंतीचा तुकडा फुटून आत आला आणि त्या भगदाडातून साहेबांचा हात. सुताराच्या हातातली हातोडी हिसकावून घेऊन त्यांनी भिंत फोडली होती. त्या हातावर टाके पडले. मला ब्लँकेटात गुंडाळलं, चहा पाजला, आणि त्या दिवशी चित्रीकरण बंद.

पण खिडकीच्या काचेबाहेर एक कॅमेरा तसाच चालू राहिला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांचा फोन. "अगं, सोनं आहे सोनं! असा शॉट मी जन्मात घेतलेला नाही." पाठोपाठ वाहिनीच्या अधिकाऱ्यांचा. "बाई, या एका प्रसंगानं तुमचं आयुष्य बदलणार." खरं सांगू? मी हुरळून गेले. कोण नाही हुरळणार? आरशात स्वतःकडे दोनदा बघितलं मी.

तिसरा फोन ताईंचा. त्या कमी बोलतात. "ये आणि बघून जा," म्हणाल्या.

ताईंची खोली ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगते. काळा पडदा, दोन खुर्च्या, एक स्टूल आणि यंत्रांसाठी सोडलेला असा गारठा, की ताई भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसायच्या. मी शेजारी बसले. त्यांनी आवाज बारीक ठेवून शॉट लावला. पडद्यावर काचेपलीकडे एक बाई होती. केस तोंडावर, डोळे फाटलेले. ती एकच हाक मारत होती.

"चिऊ कोण?" ताईंनी विचारलं.

"माझी मुलगी."

"नर्सबाईला तर मूलबाळ नाही."

"डबिंगमध्ये बदलता येईल ना?"

"येईल की. सगळंच बदलता येतं." त्यांनी चित्र थांबवलं. "मला एकच सांग. हे तू केलंस, की तुला झालं?"

मी त्या थांबलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्यात मी केलेलं काही नव्हतं.

"झालं," मी म्हटलं.

"मग ते लोकांना दाखवायचं की नाही, हे तू ठरव. साहेबांनी नाही, मीही नाही. दाखव म्हणालीस तर मी उत्तम लावून देईन. त्यात कमी करणार नाही. सावकाश सांग."

मी लगेच नको म्हटलं असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. पंधरा वर्षं दारात उभं राहिलेल्या माणसाला आत बोलावणं आलं, की पाय आपोआप उचलतो. पण माझी चिऊ सहा वर्षांची होती आणि मालिकेचा एकही भाग चुकवत नव्हती. ती ही हाक ऐकेल, आवाज बदलला तरी ओठांवरून ओळखेल. आणि ती नसती तरीसुद्धा… मला मी तशी कुणाला दिसायला नको होतं. म्हटलं, "ताई, नको."

"बरं," त्या म्हणाल्या. बस, तेवढंच.

तेवढ्यात साहेब आले. हाताला पट्टी, चेहरा उजळलेला. ताईंनी सांगितलं, हा शॉट लागणार नाही. साहेब भडकले. "तुम्ही दोघी मिळून माझ्या मालिकेचा गळा घोटताय! प्रेक्षक वर्षभर याच क्षणासाठी थांबलाय!"

ताईंनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "साहेब, तुम्ही हा शॉट आवाज बंद करून पाहिलात ना? आता ऐका." आणि त्यांनी आवाज मोठा केला. पाण्याचा खळखळाट, माझी हाक, आणि त्या सगळ्यावर एका पुरुषाचा हंबरडा: "मेली रे! मेली ती! अरे, फोडा ना कुणीतरी!" साहेबांचाच आवाज. आमच्या साहेबांना रडताना तोवर कुणी ऐकलं नव्हतं.

साहेब स्टुलावर बसले. पट्टीच्या हातानं तोंड पुसलं. म्हणाले, "पुसून टाक ते." ताई म्हणाल्या, "तिला विचारा." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. माझ्यासमोर तो शॉट पुसला गेला.

पण शेवट आणायचा कुठून? हौद मोडलेला, भाग रविवारी दाखवायचा. ताईंनी जुन्या भागांतले टाकून दिलेले आणि या भागासाठी आधीच घेतलेले तुकडे काढले. मी जिना उतरते. माझा हात पांघरुणावर. रिकामा बोळ, पाण्यात हलणारा दिव्याचा उजेड. वर होडीत बसताना कप्तानाची बायको मागे वळून बघते. आणि पहिल्या भागापासून प्रत्येक प्रसंगाखाली इंजिनाची जी बारीक घरघर होती, ती त्यांनी तिथे थांबवली. ती चालू होती हेही लोकांना ती थांबल्यावरच कळलं.

त्या भागात मी बुडताना दिसतच नाही, मंडळी. तरी आजही बायका माझा हात धरून सांगतात, "तुम्हाला बुडताना या डोळ्यांनी पाहिलं हो!" मी "हो" म्हणते.

याची किंमत ताईंनी मोजली, तीही सांगायला हवी. शॉट पुसल्याचं खापर त्यांच्यावर फोडून वाहिनीनं त्यांना पुन्हा काम दिलं नाही. पुढची दोन वर्षं त्यांनी साबणाच्या जाहिराती कापल्या, लोकांच्या लग्नाच्या फिती जोडल्या. मी एकदा रडवेली होऊन क्षमा मागायला गेले, तर म्हणाल्या, "अगं, लग्नं बरी असतात. सगळे जिवंत असतात." तिसऱ्या वर्षी साहेबांनी नवी मालिका घेतली, ती ताई संकलन करतील या एकाच अटीवर. साहेब, तुम्ही मान खाली घालू नका, हे चांगलंच सांगतेय.

तो शेवटचा भाग मी घरी पाहिला. चिऊ माझ्या मांडीवर डोकं ठेवून बघत होती. इंजिन थांबलं, पडदा काळा झाला. ती उठून बसली आणि विचारलं, "आई, नर्सबाई बुडाली?"

"हो गं."

तिनं माझ्या गालावर हात ठेवला, केस बाजूला केले, चेहरा नीट निरखला. "पण तू नाही ना," म्हणाली, आणि पुन्हा मांडीवर डोकं ठेवून झोपून गेली.

ताई, एवढंच सांगायचं होतं. उद्यापासून तुम्ही त्या गार खोलीत नसाल; उन्हात बसा, स्वेटर कपाटात ठेवा. संयोजकांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, मी ऋणी आहे. भावनेच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचा उल्लेख सुटला असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या. नमस्कार.