मिनिटभर अडलेला स्फोट

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक वेल्डर बसले होते, दोन्ही डोळ्यांना पट्टी. सोबत ताऱ्यांवर संशोधन करणारी त्यांची मुलगी.

“तुझ्या ताऱ्यावर काय चाललंय, सांग.”

“स्फोट, बाबा. अणूच्या गाभ्यात प्रोटॉन धडाधड घुसतात. एक घुसला की नवं मूलद्रव्य.”

“थांबतच नाहीत?”

“जर्मेनियमपाशी अडतं. पुढचा प्रोटॉन आत टिकतच नाही. आतल्याच एखाद्या प्रोटॉनचा न्यूट्रॉन झाला, की मग पुढे.”

“किती वेळ लागतो?”

“मिनिटभर.”

“एवढासा गाभा, आणि अख्खा स्फोट त्याच्यासाठी खोळंबतो?”

“हो.”

“बाप रे! एवढ्या आगीतसुद्धा वाट बघायची!”

तेवढ्यात नर्स आली.

“काका, पट्टी काढतेय. दिसतंय का ते बघू. पण आधी मिनिटभर डोळे मिटूनच ठेवा.”

“मोज गं, पोरी.”